सीपीएस दारात येण्याआधी: अमेरिकेत मूल वाढवताना मदत कुठे आणि कशी मागायची

लेक ७ महिन्यांची असताना डेकेअरमधून फोन आला, जरा येऊन जाता का. पोहोचले तर डायरेक्टर बाईंनी दार लावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं की बाळाच्या कमरेखाली हे निळे-हिरवे डाग कसले आहेत. मला आधी प्रश्नच कळेना, कारण आपल्याकडे कितीतरी बाळांना ते असतात, आजी बघते, म्हणते जन्मखूण आहे, शाळेत जाईपर्यंत जाईल, विषय संपला. त्या बाईंना ते मारल्याचे वळ वाटत होते. आमच्या पेडियाट्रिशियनने पहिल्याच व्हिजिटला ते डाग कुठे आहेत, किती मोठे आहेत हे चार्टमध्ये लिहून ठेवलेलं म्हणून वाचलो, मी पार्किंगमधूनच पोर्टलवर मेसेज टाकला, अर्ध्या तासात त्यांच्या ऑफिसचं पत्र आलं आणि बाई एकदम हसून वगैरे बोलायला लागल्या. मी घरी येऊन तासभर नुसती सोफ्यावर बसून होते, जॅकेटसुद्धा काढलं नव्हतं.

तेव्हापासून ओळखीत कोणाला बाळ झालं की मी हीच सगळी बडबड करते, आता एकदाच लिहून टाकते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आई-बापांसाठी आहे हे. सीपीएसपासून, म्हणजे मुलांना मारहाण किंवा दुर्लक्ष होतंय अशा तक्रारी बघणाऱ्या सरकारी खात्यापासून, लपायचं कसं हे यात सापडणार नाही, घरातला ताण त्या टोकाला जायच्या आधी इथे कोणती मदत मिळते आणि ती मागायची कशी, तेवढंच आहे.

आधी थोडं सीपीएसबद्दल

चाइल्ड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस, म्हणजे सीपीएस. नाव प्रत्येक राज्यात वेगळं असतं, इलिनॉयमध्ये डीसीएफएस म्हणतात, न्यू जर्सीत आणखी वेगळं, पण काम तेच. १९७४ च्या कापटा नावाच्या फेडरल कायद्यापासून हा ढाचा उभा राहिला. शिक्षक, डॉक्टर, नर्स, डेकेअरवाले हे मँडेटेड रिपोर्टर असतात, म्हणजे संशय आला तरी त्यांना कळवावंच लागतं, पुरावा गोळा करणं त्यांचं काम नाही. टेक्सास आणि न्यू जर्सीत तर कायद्याने प्रत्येक मोठा माणूसच रिपोर्टर आहे. त्यामुळे डेकेअरच्या बाईंवर माझा राग होता तो काही दिवसांनी उतरला, तिने मला आधी बोलावून विचारलं हेच खूप झालं.

आता एक गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते. सीपीएस म्हटलं की डोळ्यासमोर मारहाण येते, पण दरवर्षी ज्या मुलांच्या बाबतीत तक्रार खरी ठरते त्यातली साधारण तीन चतुर्थांश मुलं निग्लेक्टची असतात. निग्लेक्ट म्हणजे पुरेसं लक्ष न देणं, एकटं सोडणं, दवाखान्यात न नेणं, घर राहण्यासारखं नसणं, आणि यातलं बरंचसं पैसा, डिप्रेशन, एकटेपणा, दारू आणि नवराबायकोची भांडणं यातून येतं, दुष्टपणातून नाही. येणाऱ्या फोनपैकी जवळपास निम्मे तर चौकशीसुद्धा न होता बाजूला ठेवले जातात. म्हणजे घाबरून दार-खिडक्या लावून बसायची गरज नाही, पण आपल्या त्या 'दुखणं अंगावर काढायच्या' सवयीचा इथे खरंच घात होतो, कारण ज्या घरात कोणी येत-जात नाही त्या घराबद्दल बाहेरच्यांना पहिल्यांदा काही कळतं तेच मुळी वाईट दिवशी.

बातम्यांमध्ये फॅमिली फर्स्ट कायद्याचं नाव ऐकलं असेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये सही झाली. त्याआधी यासाठीचा फेडरल पैसा (टायटल फोर-ई) मुख्यतः मूल घरातून काढून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दुसऱ्या घरी, गेल्यावर मिळायचा, हे म्हणजे घर जळल्यावर पाण्याचे पैसे देण्यासारखं होतं. या कायद्याने तोच पैसा मूल घरीच असताना वापरता यायला लागला, आईबापांची मेंटल हेल्थ ट्रीटमेंट, व्यसनाची ट्रीटमेंट आणि घरी येऊन पेरेंटिंग शिकवणारे प्रोग्रॅम, साधारण १२ महिन्यांपर्यंत. चांगलाच कायदा आहे, पण माझं मत विचाराल तर तुमच्या-माझ्यासाठी तो बऱ्यापैकी उशिराचा दरवाजा आहे, कारण मूल फॉस्टर केअरमध्ये जाण्याच्या उंबरठ्यावर आहे असं ठरलं की मग तो पैसा सुरू होतो. त्याच्या आधीचे दरवाजे आहेत ते बघू.

पहिला दरवाजा पेडियाट्रिशियनचा

निळे डाग, जन्मखुणा, भाजल्याचा जुना व्रण, सगळं पहिल्या व्हिजिटलाच दाखवा आणि "हे चार्टमध्ये लिहाल का" असं तोंडाने म्हणा, त्यांनी आपणहून लिहिलं असेलच असं नाही. काजळ लावत असाल तर तेही सांगा, बऱ्याच काजळांत शिसं निघतं आणि मग रक्ततपासणीत लेड वाढलेलं आलं की प्रश्न सुरू होतात. आधी सांगितलेलं असलं की त्याच प्रश्नांचा सूर बदलतो.

१, २, ४ आणि ६ महिन्यांच्या व्हिजिटला बहुतेक ठिकाणी आईच्या हातात १० प्रश्नांचा एक कागद देतात. ती एडिंबरा स्केल, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायची. आपल्या बायका काय करतात तर सगळीकडे "छान आहे" वर खूण करतात आणि कागद परत देतात. मीही पहिल्या बाळाच्या वेळी तेच केलं, नवरा शेजारी उभा, सासूबाई कार सीट धरून, अशात मी रोज बाथरूममध्ये रडते हे कुठून लिहिणार. दुसऱ्या वेळी खरं लिहिलं. कोणी पोलिसांना बोलावलं नाही. नर्स आत आली, दार लावलं, १० मिनिटं बोलली, थेरपिस्टची अपॉइंटमेंट करून दिली. डिप्रेशनवर ट्रीटमेंट घेणारी आई म्हणजे मुलाची काळजी घेणारी आई असंच इथे धरतात. हं, बाळाला किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर त्यावर लगेच हालचाल होते, आणि व्हायलाच पाहिजे. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर आयांसाठीची फेडरल लाइन आहे, १-८३३-८५२-६२६२, २४ तास. किंवा ९८८, मानसिक संकटासाठीची हेल्पलाइन. भाषांतर करणारा मागता येतो.

घरी येणारी नर्स

या होम व्हिजिटिंगबद्दल पहिल्या बाळाच्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचं आजही वाईट वाटतं. २०१० पासून फेडरल पैसा यासाठी राज्यांना जातो. नर्स-फॅमिली पार्टनरशिप हा पहिलटकरणींसाठी आहे, कमी उत्पन्न हवं आणि गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्याच्या आत नाव नोंदवावं लागतं, मग मूल २ वर्षांचं होईपर्यंत तीच नर्स येत राहते. हेल्दी फॅमिलीज अमेरिका, पेरेंट्स ॲज टीचर्स हे असेच, नियम जागेप्रमाणे बदलतात. अर्ली हेड स्टार्ट घरी येणारा घेतला तर दर आठवड्याला ९० मिनिटं. आणि "आमचं उत्पन्न जास्त आहे, आम्हाला कोण देणार" म्हणणाऱ्यांसाठी फॅमिली कनेक्ट्स, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरमला सुरू झालेला, त्यात उत्पन्न विचारतच नाहीत, बाळ साधारण ३ आठवड्यांचं झालं की नर्स येऊन जाते. ओरेगन आणि न्यू जर्सीने तर सगळ्यांसाठी म्हणून कायदाच केला. तुमच्या काउंटीत आहे का ते हॉस्पिटलमधून डिस्चार्ज घेतानाच विचारा.

नर्स आल्यावर काय होतं हा प्रश्न मला हमखास येतो. घर तपासायला नाही येत हो. दुसऱ्या वेळी माझ्याकडे आली तेव्हा सिंकमध्ये दोन दिवसांची भांडी होती आणि मी ती घाईघाईत ओव्हनमध्ये लपवली होती. तिने बाळाचं वजन केलं, माझं बीपी घेतलं, टाके बघितले, मी कधी जेवले ते विचारलं. मग बाळ कुठे झोपतं ते विचारलं. आम्ही सगळे एकाच गादीवर झोपायचो, आपल्याकडची पद्धत, आणि इथे डॉक्टर मंडळी ठामपणे सांगतात की बाळ पाठीवर, कडक सपाट गादीवर, स्वतःच्या क्रिबमध्ये, उशी-गोधडी काही नको. मी खरं सांगितलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या नाहीत, क्रिब पलंगाला लावून कशी ठेवायची ते दाखवलं. आणि एक गोष्ट सांगितली ती मी आता सगळ्यांना सांगते: बाळाचं रडणं दुसऱ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, तुमचं काही चुकत नसतं, आणि हात शिवशिवायला लागले तर बाळाला क्रिबमध्ये पाठीवर ठेवायचं, दार लोटायचं आणि ५-१० मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं. रडू दे. रडून बाळाला काही होत नाही, हलवून होतं.

२११ वर नेमकं काय बोलायचं

२११ हा आपल्या भागातल्या सगळ्या मदतीची यादी असलेला नंबर. फोन करून नुसतं "हेल्प पाहिजे" म्हणालात तर समोरचा पाच प्रश्न विचारणार आणि तुम्ही गडबडून ठेवून देणार. म्हणून आधी कागदावर चार ओळी लिहा: झिप कोड, मुलांची वयं, नेमकी अडचण एका वाक्यात, आणि काय हवंय त्याचं इथलं नाव. माझी मैत्रीण, एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेली), नवरा आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी, तिने असं लिहिलं होतं: बाळ ५ आठवड्यांचं, मोठा ३ वर्षांचा, मी रात्री २ तासांच्या वर झोपत नाही, इथे कोणी नातेवाईक नाही, मला होम व्हिजिटिंग आणि रेस्पिट केअर हवंय. रेस्पिट म्हणजे काही तास मूल सांभाळायला कोणीतरी, हा शब्द लक्षात ठेवा, तो माहीत नसेल तर ती मदत मिळत नाही.

तिथून जी नावं मिळतील त्यातली एखादी बंद झालेली असते, एखादीला सहा महिन्यांची वेटिंग लिस्ट. तेव्हा एकाच्या जागी तीन नावं मागा, ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि तारीख वहीत लिहा, वेटिंग लिस्टवर नाव टाकाच आणि दोन आठवड्यांनी परत फोन करा. इंग्रजी अडत असेल तर "मराठी इंटरप्रिटर प्लीज" म्हणून थांबा, फोनवर माणूस जोडून देतात, थोडा वेळ लागतो. मोठ्या मुलाला मध्ये घालून भाषांतर करायला लावू नका, ९ वर्षांच्या पोराने आईचं डिप्रेशन इंग्रजीत सांगायचं म्हणजे काय.

ताकाला जाऊन भांडं मात्र लपवू नका. "तसं सगळं ठीक आहे, पण" अशी सुरुवात केली की ऐकणारा 'ठीक आहे' तेवढंच लिहून घेतो.

मूल बोलत नाही, ऐकत नाही, सारखं पळतं

इथे 'अर्ली इंटरव्हेन्शन' म्हटलं की लोकांना कळतं ते हे, ० ते ३ वर्षांच्या मुलांच्या वाढीत काही मागे पडत असेल तर मिळणारी सेवा, आयडिया या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या फेडरल कायद्याचा पार्ट सी. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईबापांनी स्वतः फोन केला तरी चालतो. फोन केल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि प्लॅनची मीटिंग व्हायला हवी असा नियम आहे, तपासणी फुकट, पुढच्या सेवांना काही राज्यांत उत्पन्नाप्रमाणे थोडी फी असते. ३ पूर्ण झाल्यावर काम स्कूल डिस्ट्रिक्टकडे जातं.

याचा सीपीएसशी काय संबंध? भरपूर. ज्या मुलाला बोलता येत नाही ते ओरडतं, चावतं, दार उघडून रस्त्यावर पळतं, आईबाप दमतात, शेजारी फोन करतात, कधी हात उठतो. मूळ अडचण आधी सापडली तर पुढचं बरंच टळतं. आणि "घरात मराठी, बाहेर इंग्रजी, म्हणून उशीर होतोय, होईल आपोआप" हे ऐकून थांबू नका, दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. तपासणी शक्यतो घरच्या भाषेत व्हायला हवी, तेही मागा. आपल्यात कोणी ना कोणी "आमचा पण ४ वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता गुगलमध्ये आहे" असं सांगतंच. असू दे त्याचा गुगलमध्ये, तुम्ही फोन करा.

घरात भीती असेल तर

यावर थोडंच लिहिते पण नीट वाचा. नवरा मारतो, पासपोर्ट लपवतो, व्हिसाची धमकी देतो, आणि मुलं हे बघतायत, तर काही राज्यांत मुलांनी बघणं हीसुद्धा सीपीएसची बाब होऊ शकते, आणि कधीकधी प्रश्न उलटा आईलाच येतो की तू मुलांना का वाचवलं नाहीस. म्हणून आधी आपल्या लोकांच्या संस्थांशी बोला: न्यू जर्सीत मानवी १९८५ पासून आहे, न्यूयॉर्कमध्ये सखी १९८९ पासून, बे एरियात मैत्री. दुसरीकडे राहत असाल तर राष्ट्रीय लाइन १-८००-७९९-७२३३. घरातला शेअर्ड फोन प्लॅन असेल तर मैत्रिणीच्या किंवा लायब्ररीच्या फोनवरून करा.

पैशाची अडचण असेल तर त्याचीही लाज नको. लेऑफ झाला, एच-१बी व्हिसावर नोकरी गेल्यावर मिळणारे ६० दिवस धावतायत, भाडं थकलं, मित्राच्या बेसमेंटमध्ये चौघं राहताय, तर शाळेत सांगा, प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये अशा मुलांसाठी माणूस नेमलेला असतो, दुसऱ्याच्या घरात नाइलाजाने राहणारी मुलंही त्यात धरतात. शाळेतलं जेवण, डब्ल्यूआयसी (गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीची खाण्याची मदत), फूड पँट्री, यांना सिटिझनशिप लागत नाही. रोख रकमेची सरकारी मदत घेण्याआधी मात्र इमिग्रेशन वकिलाला विचारा, ग्रीन कार्डच्या वेळी तो प्रश्न येतो आणि नियम बदलत राहतात.

मारणं, एकटं सोडणं आणि खरं बोलणं

चापट मारणं ५० पैकी कुठल्याच राज्यात आईबापांना कायद्याने पूर्ण बंद नाही, पण वळ उठला, वस्तूने मारलं, की तो ॲब्यूज धरला जाऊ शकतो. ही रेघ रागात असताना दिसत नाही, म्हणून मी म्हणते हातच लावू नका. एकटं ठेवायला किती वय लागतं याचं सगळीकडे उत्तर नाही, मेरीलँडमध्ये ८ च्या खाली नाही, बऱ्याच राज्यांत आकडाच नाही, "कितपत समज आहे" यावर ठरतं. झोपलेलं बाळ गाडीत ठेवून दोन मिनिटात दूध घेऊन येते, हेही नाही. पुण्यात पार्किंगमध्ये काचा खाली करून ठेवायचो, ते विसरा.

आता एक अवघड गोष्ट, जी माहितीपत्रकांत सहसा लिहीत नाहीत. मदत करायला येणारी नर्स, थेरपिस्ट, शाळेची काउन्सेलर, या स्वतः मँडेटेड रिपोर्टर असतात. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "तुम्हाला काय काय कळवावं लागतं?" चांगली व्यक्ती न चिडता यादी सांगते. मग "मी फार चिडते, परवा हात उचलणार होते, थांबले, मला शिकायचंय" हे वाक्य बिनधास्त बोलता येतं, कारण हे वाक्य म्हणजे मदत मागणं आहे. कोणाशीच ओळख न देता बोलायचं असेल तर आईबापांसाठी १-८५५-४२७-२७३६ आहे, किंवा चाइल्डहेल्पची १-८००-४२२-४४५३.

एक फाइल ठेवा घरी, जाड नको. लसीकरण, डॉक्टरच्या व्हिजिटच्या तारखा, डागांचा चार्टमधला तो कागद, २११ ची वही, वेटिंग लिस्टच्या ईमेल. आमची अजून किचनच्या ड्रॉवरमध्ये आहे, लायटर आणि टेकआउटच्या मेन्यूंच्या खाली.

आणि एवढं करूनही कोणी आलंच तर

ओळखपत्र बघा. तक्रार काय आहे ते विचारा, पहिल्याच भेटीत ते सांगणं त्यांना बंधनकारक आहे, फोन कोणी केला ते मात्र सांगणार नाहीत, आणि शेजारच्या कोणी केला याची डिटेक्टिव्हगिरी करत बसू नका. कोर्टाची ऑर्डर नसेल आणि मूल तातडीच्या धोक्यात नसेल तर घरात घेणं सक्तीचं नसतं, पण दार आपटलं तर पुढच्या वेळी ऑर्डर घेऊन येतील, तेव्हा आवाज न चढवता "मला आधी वकिलाशी बोलायचंय, उद्या भेटू का" म्हणा. इंटरप्रिटर मागा. न वाचता सही नाही. बऱ्याच राज्यांत कमी धोक्याच्या तक्रारींना चौकशीऐवजी फॅमिली असेसमेंटचा मार्ग असतो, त्यात दोषी कोण हे ठरवत नाहीत, काय लागतंय ते बघतात, तो मिळेल का हे विचारा, आणि फाइल पुढे करा.

शेवटचं, आजी-आजोबांबद्दल. ते व्हिजिटर व्हिसावर येतात, सहा महिने घर कसं भरून जातं, तूप-मेतकूट, तेल लावून अंघोळ, रात्री दोन वाजता बाळ घेऊन येरझाऱ्या घालणारे आजोबा. मग एअरपोर्टवरून परत आलो की घरात फक्त डिशवॉशरचा आवाज. माझ्या बघण्यातल्या बहुतेक घरांचं गाडं त्याच महिन्यात घसरलं, आमचंही. तेव्हा त्यांचं परतीचं तिकीट बुक कराल त्याच दिवशी २११ ला फोन करा, कारण वेटिंग लिस्ट तीन-चार महिन्यांची असते आणि नर्स पहिल्यांदा घरी येईल तेव्हा आजी अजून घरात असलेली बरी, तिला बाळाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.